नकाशा फिरला तेव्हा

यादोदादा छापलेलं पान उलटं वाचायचे. भंडाऱ्याजवळच्या आमच्या कारध्याच्या टपरीवर कुणी टेबलावर पेपर पसरून वाचत बसला की समोरून, उलट्या अक्षरांतून, ते त्याच्या आधी बातमी सांगून मोकळे व्हायचे. टपरीवाला धनीराम चिडायचा. "का गा यादोराव, पेपर आम्ही घ्यावा अन् बातमी तुम्ही खावी?"

ही सवय त्यांना हवाई दलातल्या नोकरीनं लागली होती. धानाच्या बांध्या सोडून हा कारध्याचा पोरगा लढाईच्या दिवसांत भरती झाला आणि नकाशांच्या कोठारात जाऊन बसला. विमानं ज्यांवरून वाट काढतात ते मोठे हवाई नकाशे त्यांच्या ताब्यात. कुठं नवा मनोरा उभा राहिला, धरण बांधलं गेलं, की शाईनं ते नकाशावर चढवायचं. कधीमधी सामानाच्या विमानात खोक्यांवर बसून जायला मिळायचं. तेव्हा ते नकाशा मांडीवर घ्यायचे आणि खालची नदी, रूळ, तलाव बघत बोट पुढं पुढं सरकवायचे.

निवृत्त होऊन आले ते जुन्या नकाशांची एक गुंडाळी घेऊन. प्रत्येकावर रद्द झाल्याचा जांभळा शिक्का. मी त्यांच्या शेजारच्या घरातली, त्यांना दादा म्हणत वाढलेली. नागपूरहून बी.ए. होऊन आले तेव्हा मी मोठ्या शहाणपणानं म्हटलं होतं, "दादा, हे तर रद्द आहेत."

"विमल, कागद रद्द होते. जमीन कुठी रद्द होते काय?"

त्यांचा नेम एकच. आपण जिकडं चाललो ती दिशा नकाशात वर धरायची. "नकाशाले आपल्यासंगं फिरवा लागते. अक्षरं उलटी झाली तं होऊ दे." भंडाऱ्याहून तुमसरला एसटीनं जातानासुद्धा वळणावर त्यांचे हात मांडीवरचा कागद फिरवायचे. बायको रुखमिणीवहिनी म्हणायच्या, "घरात मीठ कोठी ठेवलं ते ह्यायले मालूम नाही, अन् कलकत्ता कोणीकडं ते झोपेत सांगतेत."

सगळ्या गावाची करमणूक होती ती. माझी कुंता मात्र त्यांच्या मांडीवर बसून खरोखर नकाशा शिकली. सासूबाईंचं नाव ठेवलेली ही माझी मुलगी. तिच्या काळजाला जन्मापासून भोक होतं. ती रडली किंवा घाबरली की आधी ओठ निळे पडायचे, मग नखं, मग श्वास लागायचा. गुडघे पोटाशी दुमडून तिला धरून बसायचं आणि रंग परत येण्याची वाट पाहायची. पळणं नाही, खेळणं नाही. म्हणून माहेरी गेलं की ओसरीवर दादा, म्हणजे तिचे मामा, आणि नकाशा.

सत्त्याहत्तरच्या डिसेंबरात मुंबईचा डॉक्टर तिचं ऑपरेशन करायला तयार झाला. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, रात्रभराची गाडी हिला झेपणार नाही, विमानानं न्या. आणि दारापर्यंत पोचवायला येऊन हळूच म्हणाले, "वाटेत हिला घाबरू देऊ नका. या वेळी तिचा रंग परत येईलच असं मी सांगू शकत नाही."

रक्ताची सोय करायला कुंताचे वडील गाडीनं पुढं गेले. विमानात बसलेला माणूस आमच्या ओळखीत एकच होता. दादांनी दोन नकाशे भाताच्या शितांनी एकमेकांना चिकटवले, नागपूर ते मुंबई. शिक्का नेमका मुंबईवर आला होता. तो मला आवडला नाही. तसं मी बोलून दाखवलं नाही, पण नजर तिथंच जात राहिली.

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून सकाळी उडालो. लहानसं, दोन पंख्यांचं विमान. डाव्या खिडकीशी कुंता, तिच्या शेजारी दादा, मधल्या वाटेच्या पलीकडे मी. माझ्या उजव्या हाताला खिडकीशी बाबूलालजी म्हणून इतवारीतले एक कापडाचे व्यापारी होते. दादांनी मुंबई वर येईल असा नकाशा धरला. कुंताच्या फ्रॉकवर ऊन पडलं होतं.

"मामा, ते काय होय?"

"वर्धा नदी. पाह्य, इथं आहे." बोट सरकलं. "आता लोणार येईन. गोल गोल तळं. कुणी आकाशातून दगड मारला म्हणतेत."

"कोणं मारला?"

"तुह्यासारख्या एखाद्या पोट्टीनं."

ती हसली. मी तिचे ओठ बघत होते. सबंध वाटभर मी खिडकीबाहेर पाहिलं नाही, तिच्या ओठांकडेच पाहत होते.

लोणार यायच्या आधी विमानाचा आवाज बदलला. थांबला नाही, अर्धा झाला. बाबूलालजी खिडकीला नाक लावून बसले होते, ते एकदम मागं सरले. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. बाहेर पंख्याची पाती उभी होती. फिरत नव्हती. इतका वेळ जे नुसतं धूसर चक्र होतं, त्याची पाती मोजता येत होती.

विमान कलंडलं. कुंताच्या फ्रॉकवरचं ऊन सरकत सरकत निघून गेलं आणि थोड्या वेळानं बाबूलालजींच्या गालावर येऊन बसलं.

तेव्हा दादांचे हात हलले. त्यांनी मांडीवरचा नकाशा पुरा फिरवला, नागपूर वर, मुंबई पोटाशी. वर्षानुवर्षांची सवय, जिभेला कळायच्या आधी हातांना कळलं. मग ते थबकले. माझ्याकडे पाहिलं. आणि नकाशा परत जसा होता तसा केला, मुंबई वर.

हवाई सुंदरी खाली वाकून एकेकाच्या कानात सांगत आली. "पट्टा बांध लीजिए. वापस नागपूर." दादांपाशी आली तेव्हा त्यांनी तिला थांबवायला नुसता हात वर केला.

"मामा, लोणार कोठी गेलं?"

"दुसऱ्या बाजूनं गेलं वो बाई. त्या शेठजीच्या खिडकीतून दिसलं."

बाबूलालजींनी डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. राम राम, राम राम.

"ते काहून राम राम करून राहिले?"

"ओळखीचा कुणी दिसला असन खाली."

मी साडीचा पदर मुठीत धरून बसले. एक पंखा बंद असून विमान किती वेळ चालतं, हे दादांना विचारायचं होतं आणि विचारता येत नव्हतं. ते त्यांच्या आवाजात पुढं सांगत होते. हे जालना. हे औरंगाबाद. खाली पुन्हा नदी आली. तेच रुंद वाळूचं पात्र, तोच रुळांचा पूल.

"ही गोदावरी."

"वर्धेसारखीच दिसते, मामा."

"वरून साऱ्या नद्या बहिणी-बहिणीच दिसतेत."

बोट चालतच राहिलं. विमान पूर्वेला आणि बोट पश्चिमेला. त्याचं नख पांढरं पडलं होतं, इतकं ते कागदावर दाबलेलं होतं. नाशिकचे डोंगर झाले, घाट झाला, आणि शेवटी ते त्या जांभळ्या शिक्क्यावर जाऊन थांबलं. पुढं न्यायला जागा नव्हती. विमान मात्र अजून हवेतच होतं, एका बाजूला झुकून उतरत होतं. दादांचं बोट शिक्क्यावर आणि कुंताचा हात त्यांच्या हातावर. मी तिच्या ओठांकडे पाहिलं. नेहमीइतकेच होते. त्याहून निळे नव्हते.

चाकं टेकली. धावपट्टीच्या कडेला लाल बंब उभे होते, आम्ही त्यांच्या समोरून गेलो.

सोनेगावची तीच बसकी इमारत समोर आली. कुंता काहीतरी विचारेल म्हणून मी उत्तर जुळवत होते. तिनं विचारलं नाही. खाली उतरून दादा बाकावर बसले, आणि नकाशाची घडी त्यांच्या हातांना घालता येईना. ती कुंतानं घातली. दमली असेल पोर म्हणून विचारत नसेल, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विमानानं गेलो. दादा आले, पण नकाशा पिशवीतच राहिला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हे तात्पुरतं आहे, मोठी झाली की पुन्हा आणावं लागेल.

कारध्यात त्यानंतर कुणी यादोदादांना उलटा पेपर वाचताना पाहिलं नाही. धनीराम स्वतः पेपर सरकवायचा, "वाचा ना जी," तर ते चहा पिऊन उठायचे. कुणी रस्ता विचारला की म्हणायचे, "मास्तरले विचारा." मला एकदाच बोलले, नदीच्या पुलावर. "विमल, नकाशावर मी खोटं बोट फिरवलं. कोठारात असतो तं मले घरी पाठवलं असतं." मी म्हटलं, "तुमच्यामुळं पोर वाचली." ते म्हणाले, "वाचली, हव. पण आता मी बोट ठेवलं की ते खरंच आहे काय, असं माह्यं मलेच वाटते."

चौऱ्याऐंशीत ते गेले. रुखमिणीवहिनींनी ती शितांनी चिकटवलेली नकाशांची जोडी कुंताच्या हातात आणून दिली.

उद्या सकाळी आम्हाला सोनेगावहून विमान धरायचं आहे. कुंता सोळा वर्षांची झाली. गेल्या पावसाळ्यापासून तिची नखं पुन्हा निळसर दिसू लागली आहेत, आणि डॉक्टर तेच म्हणाले आहेत, वाटेत घाबरू देऊ नका. या खेपेला शेजारी मी बसणार आहे. मला नकाशा वाचता येत नाही.

मघाशी बॅग भरताना तिनं तो नकाशा कपड्यांवर ठेवला. मी म्हटलं, "कशाला ते? रद्द झालेलं आहे."

"खिडकीशी मीच बसणार," ती म्हणाली. घडीवरून हात फिरवला, अगदी दादा फिरवायचे तसा. मग बॅगेची चेन ओढता ओढता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, नकाशा फिरवा लागला तं मी तुले सांगणार नाही, हं. मामानं फिरवला तवाही नव्हतं सांगितलं."