माइकला दुसरा धनी

शहरात बसने फिरणाऱ्या प्रत्येकाने तिला ऐकलं होतं, पाहिलं मात्र कुणीच नव्हतं. ‘पुढचा थांबा, मोठा दवाखाना. उतरणाऱ्यांनी दाराजवळ यावं,’ असं सांगणारा तो शांत, किंचित हसरा आवाज तिचा. म्हणून इमारतीत तिला सगळे थांबेबाई म्हणत. कोपऱ्यावरचा दुकानदार पिशवी हातात देताना न चुकता म्हणायचा, “सांभाळून हं थांबेबाई, पुढचा थांबा तुमचं घर.” विनोद झिजून पार गुळगुळीत झाला होता, तरी ती दर वेळी हसायची.

बसच्या घोषणा म्हणजे तिचं एका दुपारचं काम. तिचा खरा धंदा पुस्तकं वाचायचा. कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, मुलांच्या गोष्टी, ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी आणि ज्यांना सवड नाही त्यांच्यासाठीही. अर्धं आयुष्य एका स्टुडिओत गेलं. पुढे स्टुडिओची जागा विकली गेली, तिथे व्यायामशाळा आली आणि थांबेबाई घरी बसली.

घरी बसली, पण गप्प बसली नाही. तिच्या दिराने तिला गप्प बसू दिलं नाही.

हा दीर नावालाच दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत जायचा. आई गेलेली, आणि बोलायला लागला की पहिल्या अक्षरावरच गाडी अडायची. वर्गात पोरं नक्कल करायची, म्हणून तो घरीसुद्धा खुणांनी बोलायचा. तिने त्याला रोज संध्याकाळी शेजारी बसवून मोठ्याने वाचायला लावलं. “श्वास घे,” ती म्हणायची, “शब्द कुठे पळून जात नाही.” तो रडायचा, पुस्तक फेकायचा, पुन्हा उचलायचा. हळूहळू जीभ सुटली, आणि अशी सुटली की मोठेपणी तो एका कंपनीत लोकांना गोड बोलून माल गळ्यात मारायचं काम करू लागला. कंपनी नक्की काय विकते ते तिला ठाऊक नव्हतं. ‘संगणकाचं काहीतरी’ एवढंच ती सांगायची, तेही अभिमानाने.

त्यानेच घरातली अडगळीची खोली रिकामी केली. फळ्या उतरवल्या, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, दाराच्या फटीत स्पंज कोंबला. संगणक आणला, माइक आणला, आणि माइकचा आवाज संगणकाला समजेल अशा रूपात पोचवणारी एक छोटी पेटी आणली. “वहिनी, तू फक्त वाच,” तो म्हणाला. “बाकी मी आहे.”

ती वाचत राहिली. ती खोली फक्त कामाचीच राहिली नाही. घरात तेवढी एकच जागा अशी होती की दार लावलं की कुणी हाक मारायचं नाही. बहिणीला फोन करायचा तर तिथूनच. नवऱ्याशी वाजलं तर तिथे बसून ती एकटीच बडबडायची. तिची आई गेली त्या आठवड्यात तिथेच जमिनीवर बसून ती बहिणीशी बोलली होती. संगणक चालू असायचा, माइक समोर असायचा. त्यांच्याकडे कोण लक्ष देतं?

आणि मग आवाज बिघडायला लागला.

आधी नुसती चरचर. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी, मधूनच. मग एक दिवस अख्खं प्रकरण वाचून झालं, ऐकायला गेली तर आवाज जाडाभरडा आणि संथ, जणू तिच्याच गळ्यातून कुणी दमलेला बाप्या बोलतोय. कधी संगणक सरळ सांगायचा की माइक जोडलेलाच नाही. आणि माइक तर डोळ्यांसमोर, दिवा लागलेला.

दीर यायचा, खुर्ची ओढायचा, काहीबाही दाबायचा. “अपडेट आलं असेल गं. होतं असं.” तो गेला की दोन दिवस बरं चालायचं. मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

प्रकाशकाकडून प्रकरणं परत यायला लागली. तिथल्या संपादक बाई फार सभ्य होत्या, आणि त्यामुळेच जास्त लागलं. “तब्येत बरी आहे ना? हवं तर थोडी विश्रांती घ्या.” थांबेबाईने आरशासमोर तोंड उघडून घसा पाहिला. गरम पाणी प्यायली, आंबट सोडलं. वय झालं आपलं, असं ती नवऱ्याला म्हणाली. नवरा चष्मा पुसत म्हणाला, “झालं असेल.” त्याचं बोलणं नेहमीच एवढंच असायचं, म्हणून तिने मनावर घेतलं नाही.

दीर कामासाठी परगावी गेलेला असताना एका सकाळी संगणकाला माइक पुन्हा दिसेनासा झाला. तिने जुन्या स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रकाला बोलावलं. हा माणूस आयुष्यभर इतक्या हळू बोलला की सगळे त्याला डेसिबल म्हणत. पुढ्यातला चहा निवेपर्यंत तो कानाला हेडफोन लावून चरचर ऐकत राहिला.

“ताई, तुमच्या घशाला काही झालेलं नाही,” तो अखेर म्हणाला. तिला तो ऐकूच आला नाही. “काय?”

“घसा ठणठणीत आहे! एका म्यानात दोन तलवारी झाल्यात.”

मग त्याने समजावलं. पेटी आणि संगणक यांना एकमेकांची भाषा येत नाही. मध्ये दुभाषी लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणायचं. या पेटीचा स्वतःचा ड्रायव्हर आहे, तो बरोबर आहे. पण आणखी एक ड्रायव्हर बसलाय, आणि तो कुठल्याच पेटीचा नाही. ते नुसतं सोंग आहे. संगणकाला वाटतं दुसरं यंत्र जोडलंय, प्रत्यक्षात काही नाही. दोघेही एकाच माइकवर हक्क सांगतात. एक जण दर सेकंदाच्या आवाजाचे चव्वेचाळीस हजारांवर तुकडे करतो, दुसरा अठ्ठेचाळीस हजार. जास्त तुकड्यांनी भरलेला आवाज कमी तुकड्यांच्या मापाने वाजवला की तो जाड होणारच.

“मग या सोंगाचं काम काय?”

डेसिबलने मान खाजवली. “माइकमधला आवाज दुसरीकडे वळवायचा. नळाला आडवी तोटी बसवतात ना, तसं.”

त्याने तिच्याकडूनच सगळं करून घेतलं. दुसरा ड्रायव्हर काढायचा, नुसता बंद करायचा नाही, त्याच्या फायलींसकट काढायचा. मग संगणक बंद करून पुन्हा चालू. लपलेली यंत्रं दाखवायला सांगून काही शिल्लक राहिलं नाही ना ते बघायचं. पेटीचं आणि वाचनाच्या प्रोग्रामचं माप एकच ठेवायचं. माइकचा एकट्याने ताबा घ्यायची मुभा त्या एकाच प्रोग्रामला द्यायची. ते झाल्यावर तिने एक परिच्छेद वाचला आणि ऐकला. आवाज नितळ होता. तिला रडूच आलं. महिनोन् महिने ती स्वतःच्या गळ्याला शिव्या देत होती.

जाताना डेसिबल दारात घुटमळला. “ताई, हा ड्रायव्हर आपोआप येत नाही बरं. कुणीतरी बसवावा लागतो.”

“दिराने बसवला असेल काही सोयीसाठी,” ती म्हणाली. तिच्या मनात खरंच दुसरं काही नव्हतं.

दीर परत आला, एका रविवारी फळं घेऊन आला, नेहमीसारखा त्या खोलीत जरा वेळ बसला. सोमवारी चरचर परतली. तिने उघडून पाहिलं, तर सोंग पुन्हा जागेवर हजर. तिला वाटलं, त्याच्या हातून चुकून झालं असेल. तिने शिकल्याप्रमाणे स्वतःच ते काढलं, संगणक पुन्हा चालू केला आणि वाचायला बसली. कुणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतंच काय?

दुपारी दिराचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, “वहिनी, तू संगणकातून काही काढलंस का?”

ती काढलं म्हणून सांगणारच होती, आणि शब्द ओठांवर थांबला.

“तुला कसं कळलं?” तिने विचारलं.

पलीकडे तो खाकरला. मग, “म्हणजे... सहज. अंदाजाने.”

“तू तुझ्या घरी आहेस. संगणक माझ्या खोलीत आहे. मी सकाळी काढलं. तुला कसं कळलं?”

“म-म-मी येतो,” तो म्हणाला.

तो आला तेव्हा नवराही घरी होता. दीर खोलीच्या उंबऱ्यावर उभा राहिला, आत आला नाही. त्याची कंपनी बोलणारे आवाज विकत होती. दवाखान्याच्या फोनवर उत्तर देणारे, लिफ्टमध्ये मजला सांगणारे, माणूस नसताना माणसासारखे बोलणारे. त्यासाठी खऱ्या माणसाचा आवाज तासन् तास ऐकवून यंत्राला तयार करावं लागतं. त्याने तिचा ऐकवला होता. सुरुवातीपासून.

“पुस्तकं तर बाजारात मिळतात,” ती म्हणाली. “तीच घ्यायची ना. माझ्या माइकला तोटी कशाला?”

त्याने खाली पाहिलं. “पुस्तकातला आवाज वाचलेला असतो. त्यांना बो-बोललेला हवा होता. नैसर्गिक.”

“ऐकव.”

“वहिनी, कशाला...”

“ऐकव म्हणते ना!”

त्याने मोबाइल काढला. मोबाइल तिच्या आवाजात बोलला. ‘नमस्कार, मी आपली काय मदत करू?’ तिने आयुष्यात हे वाक्य उच्चारलं नव्हतं. मग तेच वाक्य आनंदी सुरात. मग समजुतीच्या सुरात. शेवटी दुःखाच्या: ‘आपल्याला कळवताना वाईट वाटतं...’ आणि ‘वाईट’ या शब्दावर आवाज अडकला, आत ओढला गेला, आणि फाटून बाहेर आला.

तो आवंढा तिने ओळखला. जमिनीवर बसून, गुडघे पोटाशी घेऊन, ‘आई शेवटी माझंच नाव घेत होती गं’ असं बहिणीला सांगताना तो आला होता. बहिणीखेरीज तो कुणी ऐकलाय असं तिला कधी वाटलं नव्हतं. आता कुणाच्या तरी तपासणीचा निकाल कळवायला तो दवाखान्याच्या फोनवर वाजत होता.

ती भिंतीच्या गादीला टेकली. दीर पुढे सरकला. “व-व-वहिनी, मी सां... मी सां...” शब्द अडला. त्याचा चेहरा शाळेतल्या त्या पोरासारखा लाल झाला, मान ताठली. सवयीने तिच्या तोंडात आलंच, श्वास घे. तिने दात घट्ट आवळले. तो अडखळत राहिला आणि ती नुसती बघत राहिली.

शेवटी तिने नवऱ्याकडे पाहिलं. हा प्रकार ऐकून त्याने भावाची गचांडी धरायला हवी होती. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

“तुम्हाला माहीत होतं?”

“त्याला बढती मिळणार होती,” नवरा म्हणाला. “तुझं काही जात नव्हतं. तू वाचतच होतीस.”

“महिनोन् महिने मी गरम पाणी पितेय. वय झालं म्हणतेय. तुमच्यासमोर.”

तो चष्मा काढून पुसायला लागला.

“एकदा विचारायचं होतं.”

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस,” नवरा अगदी सरळपणे म्हणाला. दिराने दिलेलं दुःख निदान रडण्यासारखं होतं. नवऱ्याने मात्र हिशेब करून ठेवला होता, आणि त्या हिशेबात तिचा नकार आधीच धरलेला होता.

दुसऱ्या दिवशी ती डेसिबलला सोबत घेऊन त्या कंपनीत गेली. काचेच्या खोलीतला तरतरीत अधिकारी तिचं बोलणं ऐकून चपापला. वहिनींची संमती आहे असं दिराने तिथे तोंडी सांगून ठेवलं होतं. तिने वकील गाठला. बरीच ओढाताण झाली. अखेर कंपनीने तिचा आवाज नव्या ग्राहकांना विकणं बंद केलं. पण जिथे आधीच बसवला होता तिथून काढता येणार नाही म्हणाले. शिवाय तो इतर आवाजांतही मिसळलाय, साखर दुधात विरघळल्यावर काढायची कशी? दिराची नोकरी गेली. तिने ती घालवायला सांगितलं नव्हतं, वाचवायलाही गेली नाही.

जाऊ एकदा भेटायला आली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. “ताई, ते हल्ली घरात बोलतच नाहीत,” ती म्हणाली. “पुन्हा खुणा करतात. तुम्ही एकदा फोन कराल का?” थांबेबाईने तिला चहा दिला, लेकरांची चौकशी केली, जिन्यापर्यंत सोडायला गेली. फोन केला नाही. त्या रागाचं तिलाही ओझं व्हायचं, पण खाली ठेवावा तर कुठे, ते कळत नव्हतं.

संगणकाचं सगळं आता ती स्वतः बघते. पासवर्ड बदलला. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी तपासते की पेटीचा एकच ड्रायव्हर आहे, दुसरा कुणी येऊन बसलेला नाही. प्रकाशकाकडून एकही प्रकरण परत येत नाही. संपादक बाई म्हणाल्या, आवाज पूर्वीपेक्षाही स्वच्छ येतोय. ते खरं आहे. वाचन झालं की ती माइकची वायर पेटीतून उपसते, गुंडाळते आणि खणात ठेवते. बहिणीला फोन करायचा असला की चप्पल घालून रस्त्यावर जाते आणि चालता चालता बोलते, गाड्यांच्या गोंगाटात, अर्धं ऐकू येत नाही तरी.

नवऱ्याचे डोळे अधू झाल्यापासून ती रोज त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायची. ते बंद झालं. एका सकाळी तो भिंग लावून मथळे शोधत बसला होता. बराच वेळ झगडला. मग काही न बोलता त्याने पेपर तिच्या ताटाशेजारी ठेवला आणि वाट बघत राहिला.

तिने पेपरची घडी नीट केली, त्याच्या हाताशी सरकवली आणि आपलं ताट उचलून मोरीकडे गेली.