रुमालाखालचा सौदा

“पायाची करंगळी तर गेलीच. पण माझं ऐकाल तर गुडघ्याखाली कापू,” धुळ्याचे सर्जन म्हणाले आणि त्यांनी पायावर फडकं टाकलं. उकिरड्यावर कुजणाऱ्या जनावराचा वास मला ठाऊक होता. तो आता माझ्याच अंगाला येत होता.

आजाराचं नाव डायबेटिक गँगरीन. साखरेमुळे पायाच्या नसा बधिर होतात, रक्त पोचत नाही आणि मांस आपण जिवंत असतानाच मरतं. साक्रीच्या बाजारात चपलेतला खिळा दिवसभर टोचत होता, मला पत्ता नव्हता. रक्ताने भिजलेली चप्पल माझ्या बायकोने, मार्थाने, दाखवली. मी तिच्यावरच ओरडलो. मग हळद लावली, तंबाखूची पूड लावली, डॉक्टर सोडून सगळ्यांचं ऐकलं. साखर असलेल्यांनो, रोज आपले तळवे बघत जा.

मी बैलांचा व्यापारी. बापाने काही ठेवलं नव्हतं. जे आहे ते बोटांवर कमावलं. आमच्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालून बोटं दाबतात. पटलं नाही तर हात ओढून घ्यायचा, पटलं तर समोरच्याच्या हातात सैल सोडायचा. आधी सैल सोडलेला हात माझा कधीच नव्हता.

डॉक्टरांशीही तसाच अडून बसलो. “करंगळीवर मिटवा.”

“सही करा, जबाबदारी तुमची,” ते वैतागून म्हणाले.

करंगळी गेली आणि मी सौदा मारल्यासारखा खूश झालो. थोड्याच दिवसांत अख्खं पाऊल काळं पडलं.

मग देवाशी सुरू केलं. आम्ही ख्रिस्ती, चर्चला देऊळच म्हणतो. पाऊल ठेव, देवळाला घंटा देतो. बरं, पाऊल घे, घोटा ठेव. रोजच्या प्रार्थनेत ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ असं एक वाक्य येतं, ते मी लहानपणापासून पुटपुटून गिळत आलो होतो.

आमच्या देवळाचे पाळकसाहेब भेटायला आले. नाकाला रुमाल लावून दारातच उभे राहिले. “देवाच्या इच्छेला शरण जा, भाऊ,” म्हणाले आणि गेले. हंगामाच्या सणाला देवळात कोंबड्या-भाज्यांचा लिलाव होतो. दरवर्षी चढी बोली माझी. तेव्हा ते मला मिठी मारतात. तेव्हा माझ्या अंगाला वास येत नसावा.

ताप चढला. डॉक्टरांनी सेप्टिसेमिया सांगितला, म्हणजे रक्तात विष. “आज गुडघ्याखाली. उद्या मांडी. परवा मला बोलवू नका.”

मार्था उघड्या हाताने पू पुसत होती. नाकाला पदर नाही. मी म्हणालो, “घोट्यापर्यंत विचार त्यांना.”

“हाऊ पाय शे, बैल नही,” ती कडाडली. “देवसंगे बी सौदाच करतस का तुम्ही?”

मग हात धुऊन जवळ बसली आणि चादरीखाली तिने माझा हात धरला. माझी बोटं सवयीने दाबू लागली. घोटा, फक्त घोटा. तिने उलट दाबलं नाही, ओढूनही घेतला नाही. हात नुसता होता. समोर सौदा करणारं कोणीच नव्हतं. इतके दिवस मी एकटाच बोटं दाबत होतो. मला माझीच किळस आली, पायाची आली होती त्याहून जास्त.

मी हात सैल सोडला. ते गिळलेलं वाक्य मोठ्याने, अक्षर न अक्षर म्हटलं. मग डॉक्टरांना बोलवायला सांगितलं.

पाय गुडघ्याखाली गेला. ताप उतरला. शरण गेल्यावर शांती मिळते म्हणतात. मला आधी ओकारी झाली, मग भूक लागली. मार्थाने भरवलेली खिचडी मी मुकाट्याने खाल्ली. देवाचे आणि तिचे उपकार आहेत.

आता लाकडी पायावर बाजार करतो. पाळकसाहेबांचा तो रुमाल मात्र अजून डोळ्यांपुढून जात नाही. तो राग सुटावा म्हणून रोज प्रार्थनेत त्यांचं नाव घेतो आणि हात उघडा ठेवतो. काही दिवशी तो आपोआप मिटतो. मी पुन्हा उघडतो.