शालनबायने सोडलेला आंबा

म्हापशाच्या बाजारात आंब्याच्या पाटीवरून एका बाईशी माझी घासाघीस चालली होती, तेव्हा शेजारच्या दुकानातून हाक आली... तुमचा फोन. लाटंबार्सेहून भावजी बोलत होते. शालनबाय, माझी थोरली बहीण, सकाळी चुलीपाशी बसली ती उठलीच नाही. हृदय थांबलं, म्हणाले. पाटी तिथेच टाकून मी टेम्पो काढला. तिच्या घरी आंबे न्यायची तशीही सोय नव्हती.

डिचोलीच्या काजू कारखान्यात बाय लागली ती गोवा घटकराज्य होण्याच्या आदल्या साली. काजू फोडताना टरफलातून काळं तेल सुटतं आणि कातडी जाळतं. बायका हातांना खोबरेल चोपडतात, वर राख चोळतात. बाकीच्यांचे हात काही दिवसांत निबर झाले, बायचे मात्र उतत गेले. आधी बोटं, मग कोपरापर्यंत फोड, शेवटी डोळे उघडेनात एवढी सूज. तिला घरी बसायचं नव्हतं. तिचं मागणं एवढंच, की फोडायचं काम काढून निवडायच्या खोलीत बसवा.

ते मागणं घेऊन मी मालकाकडे गेलो. त्याला सगळे पात्रांव म्हणत. त्याने बायच्या हातांकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "आंब्याचो चीक तो," म्हणाला. "मोसम चालू आसा न्हय? आंबो सोड म्हण तिका." खरं कारण मला ठाऊक होतं. काजू फोडण्यात बायइतका जलद हात दुसरा नव्हता. मी टेबलावर मूठ आपटली, आवाज चढवला. तो हसत म्हणाला, "एक मोसम सोडूं दी. मागीर पळोवया." बाहेर रस्त्यावर कोकणी की मराठी यावरून डोकी फुटत होती, आणि आम्ही आत आंब्याच्या चिकावरून भांडत होतो. सौदा ठरला. मला तो अजिबात पसंत नव्हता.

बायने तो पाळला. त्या सबंध मोसमात आंबा तोंडात नाही, हातात नाही. माशांच्या कढीत कैरीऐवजी आमसुलाची सोलं. पोरं दारातल्या झाडाखाली आंबे चोखत बसायची आणि ही पाठ फिरवून तांदूळ निवडायची... हात मात्र पहिल्यापेक्षा वाईट झाले. आम्ही दोघं पुन्हा गेलो.

पात्रांव म्हणाला, "दारांत झाड आसा मगो तुज्या? वाऱ्यान चीक येता."

मी उठलोच. बायने माझा शर्ट धरून मला खाली बसवलं. "बाबू, तूं ओगी राव." मग त्याच्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "झाड कापतें हांव, पात्रांव. पूण हात तशेच उरले जाल्यार खंय येवचें, तें आतांच सांगात."

पात्रांवाने चष्मा पुसला आणि कारकुनाला तिचं नाव निवडणाऱ्या बायकांत लिहायला सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून ती निवडायच्या खोलीत बसली. हातांच्या जखमा हळूहळू भरल्या. पण पुढच्या मे महिन्यात हौसेने तिने एक आंबा सोलला, आणि फोड पुन्हा उठले. सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरने सांगितलं, काजू आणि आंबा एकाच कुळातले. टरफलाच्या तेलाने अंग एकदा बिथरलं, आता आंब्याचा चीकही सोसायचा नाही. हे कळल्यावर पात्रांव चारचौघांत सांगू लागला, "हांव म्हणूंक नाशिल्लों, आंबोच तो?" तिचं मरण मी त्याच्या माथी मारत नाही. पण तिच्या तोंडचा आंबा त्याच्या कारखान्याने काढला, आणि वर खरा तोच ठरला. बाय हसून सोडून द्यायची. मी सोडलेलं नाही.

गेल्या आठवड्यात लाटंबार्सेला गेलो होतो. भावजी मागच्या दारी पायरीवर बसून आंबा सोलत होते. खाऊन झाल्यावर साली त्यांनी लांब खड्ड्यात पुरल्या, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, शर्ट बदलला आणि मगच उंबरा ओलांडला. मलाही त्यांनी एक आंबा दिला होता. तो संपवून मी तसाच आत निघालो, तर ते दारात आडवे झाले.

"भावजी, आता कोणासाठी?"

त्यांनी साबण पुढे केला. "आदीं हात धू."

मी धुतले, कोपरापर्यंत.