थोरला, धाकटा आणि साळवे सर

तक्रार : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. चौकशी समिती : घटस्थापनेस. निर्णय : दिवाळीच्या सुट्टीची घंटा होण्याच्या जरा आधी, म्हणजे कोणी जाब विचारू नये अशा बेताने. मृत्यू : चैत्रात, ऐन परीक्षांच्या दिवसांत. जबाबदार : प्रथम, शिक्षणसंस्थेचे सचिव, त्यानंतर त्यांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणारे मुख्याध्यापक, आणि कागद न वाचता सही ठोकणारे समितीचे दोन सभासद. नावे मुद्दाम देत नाही. शेवगावात ती पोरासोरांना ठाऊक आहेत, आणि माझे भांडण माणसांशी नसून खुर्च्यांशी आहे. उत्तम साळवे हे त्या शाळेतले भौतिकशास्त्राचे शिक्षक आणि माझे जुने स्नेही. ते गेल्याचे मला एसटी स्टँडवर कळले. नगरच्या कोर्टातून परतत होतो, तोच टेलिफोन बूथवाल्याने हाक मारली, "वकीलसाहेब, थांबा… साळवे सर गेले." हृदय बंद पडले, असे डॉक्टरांनी सांगितले. मी त्यास खून म्हणत नाही. कायद्याच्या व्याख्येत ते बसत नाही. व्याख्येत न बसणाऱ्या गुन्ह्याबद्दलच मला लिहायचे आहे.

साळवे मूळचे पाथर्डी तालुक्यातले. आईबाप दर हंगामाला ऊसतोडीला जात, आणि हे तिथल्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, चिमणीच्या उजेडात शिकले. शिक्षक झाल्यावर त्यांनी एक रीत पाडली. जगातल्या दोन सर्वांत मोठ्या भौतिकशास्त्रज्ञांची नावे ते वर्गात घेत नसत. म्हणत, "नाव घेतलं की पोरं हात जोडतात, आन् हात जोडल्याला मानूस प्रश्न इचारत न्हाई." म्हणून सफरचंदाच्या गोष्टीतला तो इंग्रज झाला 'थोरला', आणि विस्कटलेल्या केसांचा, पेटंट कचेरीतला कारकून झाला 'धाकटा'. जणू एकाच भावकीतल्या दोन शाखा! दरवर्षी गणपतीच्या सुमारास प्रयोगशाळेत त्यांचा खटला उभा राही. धाकट्याचे वकीलपत्र साळव्यांकडे, थोरल्याचे माझ्याकडे. न्यायाधीश नेमायचा नाही, हा त्यांचा नियम. नववीची मुले उलटतपासणी घेत.

त्या खटल्यात मी जे शिकलो ते कोणत्याही कोर्टात शिकलो नाही. थोरल्याचा बाप त्याच्या जन्माआधीच वारलेला. आईने दुसरे घर केले आणि हा आजीपाशी वाढला. प्लेगने विद्यापीठ बंद पडले तेव्हा गावी परतून त्याने काचेच्या लोलकातून उन्हाचे रंग वेगळे काढले. पुढे टांकसाळीचा अधिकारी झाला आणि खोटी नाणी पाडणाऱ्यांना फासापर्यंत पोचवले. लग्न नाही, जिवाभावाचे माणूस जवळजवळ नाही. धाकटा याच्या उलट. त्याला कोणी मास्तरकी देईना. कचेरीच्या मेजामागे बसून त्याने जग उलथवले. व्हायोलिन वाजवी, मायदेशातून परागंदा झाला, लोकांना खळखळून हसवी… आणि घरात बायकोशी मात्र कठोर. साळवे त्याचे वकील खरे, पण हे कलम त्यांनी कधी लपवले नाही. "माझा अशील घरात कसा हुता ते बी लिवून घ्या रे," असे तेच मुलांना सांगत.

मी एकदा विचारले, दोघांत मोठा कोण? ते म्हणाले, "वकीलसाहेब, थोरल्यानं सगळ्या शिवाराची मोजनी केली. आभाळाची बी. धाकट्यानं एवढंच दाखवलं, की मोजनारी साखळीच आखडती. आता मोठा कोन, ते तुमी ठरवा. आन् बघा, धाकट्यानं बांध मोडला, पन मोडताना थोरल्याची माफी मागितली. तुमचा अशील असता तर त्यानं माफी मागितली असती का? लई खुनशी हाय तुमचा अशील!" मी उसळून म्हणालो, "पुरावा?" त्यावर त्यांनी जो पुरावा दिला, तोच पुढे त्यांच्या गळ्याशी आला. एका जर्मन गणितज्ञाशी थोरल्याचा वाद होता, कलनशास्त्राचा शोध आधी कोणाचा यावर. चौकशी समिती बसली त्या संस्थेची, जिचा अध्यक्ष स्वतः थोरला. आणि समितीचा अहवाल पडद्याआडून लिहिला कोणी? थोरल्यानेच! स्वतःच्या खटल्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे कायद्याचे पहिले अक्षर आहे.

गेल्या वर्षी श्रावणात शाळेत विज्ञान प्रदर्शन भरले. सचिव दोन हार घेऊन प्रयोगशाळेत आले. तिथे थोरल्या-धाकट्याच्या तसबिरी आहेत. साळवे नम्रपणे म्हणाले, "हार नको साहेब. पोरांना प्रश्न विचारू द्या." तेवढ्यात नववीतली एक मुलगी उठली. "सर, थोरल्यानं आपल्याच भांडणाचा निकाल लिहिला, तर तो खरा कसा मानायचा?" सचिवांचा चेहरा तांबडा झाला. "थोर पुरुषांची उणी काढायला शिकवता? तुम्ही?" त्या 'तुम्ही'वर त्यांनी किती जोर दिला, ते मी दारात उभा राहून ऐकले. तो जोर भौतिकशास्त्राबद्दल नव्हता.

मग तक्रार : थोर पुरुषांची विटंबना. तक्रारदार सचिव. समितीचे अध्यक्ष? सचिव! मी नोटीस धाडली. उत्तर आले, 'संस्थेची अंतर्गत बाब.' निर्णयात लिहिले, 'विज्ञान शिकविण्यास अयोग्य.' भौतिकशास्त्राच्या त्या माणसाला पाचवीच्या बागकामावर नेमले. मी अपिलाचे बोललो की ते हसत. "त्याला सफरचंद पडलं, मला निंबोळी. झाडाखाली बसायचंच हाय, तर बसू." पण हसणे ओठांपुरते होते. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध रीतीच्या स्मरणविधीच्या, दिवशी त्यांच्या पत्नी सुशीलाबाई मला म्हणाल्या, "भाऊ, त्यांना पगार वाढवून नको हुता, तास पायजे हुता. रोज सकाळी खडू खिशात टाकून जायचे, आन् तसाच माघारी आणायचे. तो 'अयोग्य' सबूद तेवढा पुसून द्या."

शाळेने शोकसभा घेतली, अध्यक्षस्थानी सचिवच. सचिवांनी साळव्यांच्या तसबिरीला हार घातला आणि म्हणाले, "एका थोर विज्ञानशिक्षकास आपण मुकलो." मी उभा राहिलो. "अध्यक्षमहाराज, अयोग्य की थोर? दोन्हींपैकी एक खोटे आहे." मुख्याध्यापकांनी घाईने ध्वनिक्षेपक ओढला. "सर्वांनी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहावे." सभा उभी राहिली, मीही राहिलो; मृताचा मान मोडण्याची माझी छाती नव्हती. स्तब्धता संपताच राष्ट्रगीत, आणि राष्ट्रगीत संपताच सभा संपली… श्रद्धांजलीने प्रश्नाचे तोंड बांधण्याची ही युक्ती मी उभ्या वकिलीत पाहिली नव्हती. थोरल्यालाही ती सुचली नसती. तो खुनशी होता, पण त्याने निदान उन्हाचे रंग वेगळे केले. यांनी काय केले?

त्यानंतर मी संस्थेला पत्रे लिहिली. पोच आली, उत्तर नाही. म्हणून आता या पुरवणीच्या वाचकांसमक्ष विचारतो. सचिवांनी याच वृत्तपत्रात, आपल्या सहीनिशी सांगावे : साळवे सरांविरुद्धची तक्रार आपण केली की नाही? तिचा निकाल आपणच दिला की नाही? होय असेल, तर तो 'अयोग्य' शब्द रद्द झाल्याचे त्याच पत्रात जाहीर करावे. नाही असेल, तर तसे लिहावे, म्हणजे पुढचे मी कोर्टात पाहीन. होय किंवा नाही. तिसरे उत्तर कायद्याला चालत नाही, आणि सुशीलाबाईंनाही चालणार नाही.