आपल्याच खोलीत राहण्याचा पुरावा

माझी मावशी आपल्याच घरात राहते, हे कोर्टाला पटवून देता देता आमच्या नाकी नऊ आले. हसू नका. आधी मलाही हसूच आलं होतं.

मावशी रात्रपाळी करायची. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांपाशी त्यांच्या घरी रात्रभर बसायचं, कूस बदलून द्यायची, वेळेवर औषध द्यायचं, कुणी उठलं तर हात धरायचा. सगळं जग उठून कामाला लागलं की ही बाई घरी येऊन झोपणार. माझे बाबा तिला घुबड म्हणून चिडवायचे. ती म्हणायची, "भाऊजी, घुबड आहे म्हणूनच तुमची मेहुणी कुणापुढे हात पसरत नाही."

तिची खोली वरच्या मजल्यावर. पुढचं दार गॅलरीत, मागचं दार मागच्या जिन्यावर. आता दिवसा झोपणाऱ्या माणसाला लोक झोपू देतात का? विक्रेते, मीटर बघणारे, पार्सलवाले, नाहीतर पत्ता चुकलेला एखादा शहाणा. बेल वाजतच राहायची. शेवटी वैतागून मावशीने पुढच्या दाराला बाहेरून भलंमोठं कुलूप लावून टाकलं आणि मागच्या जिन्याने जा-ये सुरू केली. खिडकीला जाड पडदा. खाली शिंप्याचं दुकान आहे, त्या शिंपीकाकांना तिने सांगून ठेवलं, "माझ्याबद्दल कुणीही विचारलं तरी सांगायचं, त्या नाहीत." काका म्हणजे सुतासारखा सरळ माणूस. वर्षानुवर्षं इमानेइतबारे सांगत राहिले, त्या नाहीत.

आणि मग घरमालकाला खोली हवीशी वाटू लागली. कशाला, ते देव जाणे. त्याने सरळ दावा ठोकला की ही बाई इथे राहतच नाही, खोली नुसती अडवून ठेवली आहे. भाडेकरू जागा वापरत नसेल तर मालकाला ती परत मिळते, असा कायदा आहे म्हणे. मावशीला मूलबाळ नाही, नवरा कधीच गेला. ती खोली गेली असती तर ती रस्त्यावरच आली असती.

आमचे वकीलसाहेब मात्र निर्धास्त. "पुराव्याचा भार मालकावर आहे. जो म्हणतो त्याने सिद्ध करायचं. तुम्ही शांतपणे झोपा." मावशीचा जीव भांड्यात पडला.

मालकाने काय आणावं? कुलपाचे फोटो. उन्हाळ्यातले, थंडीतले, सगळे भर दुपारचे. प्रत्येक फोटोत कुलूप, आणि त्या कुलपाच्या आत माझी मावशी गाढ झोपलेली! पण ती काही फोटोत दिसत नव्हती. वर विजेचं बिल दाखवलं, बघा, दिवासुद्धा लागत नाही. अहो, झोपलेला माणूस कशाला दिवा लावेल?

आम्ही शिंपीकाकांना साक्षीला उभं केलं. मालकाच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, "मालकांचा माणूस चौकशीला आला होता, तेव्हा तुम्ही काय सांगितलंत?"

काकांचा चेहरा उतरला. "त्या नाहीत, असं सांगितलं."

"एकदाच?"

"नेहमीच. पण साहेब, त्या होत्या!"

"तुम्ही त्यांना आत पाहिलंत?"

"झोपलेल्या बाईच्या घरात मी कशाला डोकावू?"

सगळं कोर्ट हसलं. काका घाम पुसत खाली उतरले आणि बाहेर येऊन मावशीचे हात धरून रडायचेच बाकी राहिले.

मग मावशी जिथे काम करायची त्या घरची सूनबाई येऊन सांगून गेली की या रोज रात्री आमच्याकडे असतात. लगेच समोरचा वकील उठला, "म्हणजे रात्री त्या या खोलीत नसतात, हे कबूल!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवसा दिसत नाही म्हणून राहत नाही, रात्री नसते म्हणूनही राहत नाही. मग बाईने राहायचं तरी कधी?

वकीलसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "आता भार आपल्याकडे सरकला."

"सरकला म्हणजे? ते काय कपाट आहे?"

"त्यांनी त्यांच्या बाजूने पुरेसं दाखवलं. आता राहता हे तुम्ही दाखवायचं." कोर्टाचा माणूस न कळवता जागा बघायला येणार होता. "कुलूप काढा, दार सताड उघडं ठेवा आणि दिवसा दिसत राहा."

आणि मावशी दिसत राहिली. रात्रभर जागून यायची आणि उघड्या दारात खुर्ची टाकून बसायची. डोळ्यांवर पाणी मारायची, भाजी निवडायची, निवडलेलीच पुन्हा निवडायची. मी म्हटलं, "मी बसते, तू घटकाभर पड." ती म्हणाली, "आणि नेमका तेव्हाच आला तर? राहते कोण, मी की तू?" कोर्टाचा माणूस काही येईना. विक्रेते मात्र झुंडीने आले.

रात्रपाळीला तिच्याकडे तेव्हा एक आजोबा होते, चित्रकलेचे निवृत्त मास्तर. एका रात्री ते बाथरूमला जायला उठले, तोल गेला आणि खुब्याचं हाड मोडलं. मावशी शेजारच्या खुर्चीत होती. सकाळी मुलाने विचारलं, "तुम्ही झोपला होतात का?"

ती म्हणाली, "हो."

काम गेलं. ही बातमी घरोघर पोचली आणि पुढची कामंही गेली. मी तिच्यावर अशी काही भडकले! "कबूल कशाला केलंस? कुणी पाहिलं होतं? सिद्ध करू दे की त्यांना! भार त्यांच्यावर होता!"

मावशी म्हणाली, "ते जमिनीवर पडून मला हाका मारत होते गं. मला ऐकूच आलं नाही."



त्यानंतर कोर्टाचा माणूस आला. भर दुपारी. मावशी घरातच होती, जाणार कुठे? त्याने चूल पाहिली, अंथरूण पाहिलं, वाळत घातलेले कपडे पाहिले आणि नोंद करून गेला. दावा फेटाळला गेला. वकीलसाहेब स्वतः बातमी द्यायला आले, खुशीत होते. "बघा, शेवटी सत्य बाहेर आलं की नाही! आता तुम्ही इथे राहत नाही असं म्हणायची कुणाची हिंमत नाही."

"नाही," मावशी म्हणाली. "आता मी इथेच असते."

ते गेल्यावर मी म्हटलं, "चल, आता तरी निवांत झोप. दिवसा झोप, रात्री झोप, कुणाला उत्तर द्यायचं नाही."

"डोळा लागला की आजोबा हाक मारतात," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.