भुवईतली कडी

माझ्या मावशीने अठ्ठावन्नाव्या वर्षी भुवई टोचून घेतली, तेव्हा मी चार दिवस तिच्याशी बोलले नाही. राग टोचण्याचा नव्हता. डाव्या भुवईच्या टोकाला चांदीची कडी ही माझ्या आईची खूण होती. आईला जाऊन पाचच महिने झाले होते आणि तिची खूण दुसऱ्या कुणी, अगदी सख्ख्या बहिणीने का होईना, स्वतःच्या तोंडावर मिरवावी हे मला सहन होईना. पाचव्या दिवशी तसं मी तिला फोनवर ऐकवलंही. ती एवढंच म्हणाली, "झालं बोलून? मग ये संध्याकाळी. आजी जेवत नाहीये."

मावशी इस्पितळाच्या तळघरात कामाला होती. ऑपरेशनची हत्यारं तिथे धुतली जातात आणि वाफेच्या यंत्रात घालून निर्जंतुक केली जातात. सव्वीस वर्षं ती कात्र्या आणि चिमटे भिंगाखाली धरून बघत आली, सांध्यात कुठे रक्ताचा कण तर राहिला नाही ना म्हणून. तिथल्या मुली तिला 'चकचक' म्हणायच्या आणि ते तिला ठाऊक होतं. घरीही तोच खाक्या. बाहेरून आल्यावर कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय तिच्याकडे पाणीसुद्धा मिळायचं नाही. लहानपणी तिच्या मांडीवर बसायचं तर आधी माझी नखं तपासली जायची. लग्न तिने केलं नाही. आजीचं सगळं तिनेच केलं, अकरा वर्षं, हागणंमुतणं धरून.

माझी आई अगदी दुसऱ्या टोकाची. एकोणिसाव्या वर्षी ती भुवई टोचून घरी आली, तर आजीने महिनाभर तिच्याशी अबोला धरला होता म्हणे. पुढे आजीची दृष्टी गेली, मग हळूहळू आठवणही. माणसं ती हाताने चाचपून ओळखायची. बोटांना भुवईतली कडी लागली की तिचा चेहरा उजळायचा. "आली माझी थोरली," म्हणायची आणि तोंड उघडायची. आई रोज दुपारी जाऊन तिला भरवायची. रात्रंदिवस राबणाऱ्या धाकटीला आजी कधी नर्स समजायची, कधी शेजारीण. मावशी हसण्यावारी न्यायची. मला ते हसणं कधी खरं वाटलं नाही.

आई गेली आणि आजीचं खाणं हळूहळू तुटत गेलं. घास पुढे केला की तिचा हात आधी मावशीच्या भुवईवर जायचा. तिथे काही नाही म्हटल्यावर ती मान फिरवायची. "थोरलीला बोलव." थोरली गेली, असं आम्ही तिला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऊर फोडून रडली आणि सकाळी पुन्हा थोरलीची वाट बघत बसली. चौथ्यांदा सांगायची हिंमत झाली नाही. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल.

"तिने मला ताई समजावं असा हट्ट नाही गं माझा," मावशी मला म्हणाली. "दोन घास पोटात गेले की झालं."



टोचणाऱ्या मुलीचं पाच मिनिटांचं काम, पण मावशीने आधी तासभर तिची उलटतपासणी घेतली होती. सुई कुठली, यंत्र कुठलं, वाफ किती वेळ. शेवटी ती मुलगी कंटाळून म्हणाली, "काकू, तुमचं तुम्हीच टोचून घ्या!" मग तिने काळजी कशी घ्यायची ते सांगितलं. आधी छोटी सरळ दांडी, कडी नंतर. दिवसातून दोनदा मिठाच्या पाण्याने पुसायचं. फिरवायचं नाही, खपली काढायची नाही. सहा ते आठ आठवडे कुणालाही हात लावू द्यायचा नाही.

मावशीने ते शब्दन् शब्द पाळलं. पाणी उकळून निवलेलं, कापूस नको कारण त्याचे धागे अडकतात, उशीचा अभ्रा रोज नवा. कामावर टोपी भुवयांच्या खाली ओढलेली. आणि आजीचा हात वर आला की मनगट अलगद धरून खाली. "नको, आई. कच्चं आहे. दुखेल."

मी म्हटलं, "तिचे हात धू आणि लावू दे की एकदा."

"धुतलेला हात म्हणजे निर्जंतुक नव्हे. एकदा पू झाला की दांडी काढा, मग पुन्हा पहिल्यापासून. तेवढा वेळ आहे का आजीकडे?"

तिचं बरोबर होतं. हेच मला आजही पचत नाही. प्रत्येक वेळी तिचंच बरोबर होतं.

दिवसातून तीन जेवणं, आणि प्रत्येक जेवणाला हे असं. पहिले काही दिवस आजी चिडली, एकदा तिने मावशीला फटकाही मारला. जेमतेम चार चमचे पोटात जायचे. मग हात अर्ध्यावर येऊन थांबायला लागला. सहाव्या आठवड्यात तो उठेनासा झाला. "बघ, शहाणी झाली आई," मावशी म्हणाली, आणि मलाही सुटल्यासारखं वाटलं. काय होऊन बसलंय ते आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही.

त्रेपन्नाव्या दिवशी त्या मुलीने भुवई निरखून पाहिली. "इतकी छान बरी झालेली मी बघितली नाही," म्हणाली आणि दांडी काढून कडी घातली. मावशी घरी आली ती परीक्षेत पहिली आल्यासारखी. वाटीत सूप घेऊन ती आजीच्या पलंगावर बसली, वाकली आणि आजीचा हात हातात घेतला.

"आई, बघ कोण आलंय."

आजीने हात हिसकून घेतला. दोन्ही हात पांघरुणाखाली घेतले.

"नको. कच्चं आहे. दुखेल तुला."

"आता नाही दुखत, आई. लाव ना हात."

"नको, नको. दुखेल."

मावशीने तो हात ओढून भुवईपर्यंत नेला. आजीने मूठ घट्ट आवळली आणि घाबरून ओरडायला लागली. बोटं काही उघडेनात. मग मावशीनेच मूठ सोडून दिली.

स्वतःचं नाव, घराचा पत्ता, आजोबा, सगळं सगळं विसरलेल्या माझ्या आजीच्या डोक्यात नेमकं हे राहिलं होतं.

मावशी वाटी घेऊन बाहेर आली. सूप तसंच होतं. "मीच शिकवलं गं तिला," ती म्हणाली. "दिवसातून तीन वेळा."

आजी त्यानंतर सतरा दिवस जगली. हात तिने कुणाच्याच तोंडाला लावला नाही.