लातूरला नाही, नांदेडला

लातूर जिल्हा नवीन झाला त्या दुष्काळी वर्षांत माझी धाकटी बहीण दहावी पास झाली. गणितात शाळेत पहिली, मराठी-इंग्रजीत जेमतेम काठावर. वाचायला बसली की अक्षरं तिच्यासमोर जागा बदलायची. ‘कमल’चं ‘कलम’ व्हायचं. म्हणून मी धडे मोठ्यानं वाचायचे आणि ती भाकरी थापत ऐकायची. एकदा ऐकलं की तिला पुन्हा ऐकावं लागायचं नाही. शाळेत मात्र तिला आळशी म्हणत.

आमच्या वडिलांचं, आप्पांचं, उदगीरला किराणा दुकान होतं. पोरीला सायन्सला घालायचं त्यांनी ठरवलं होतं. आम्ही तिघं एसटीनं लातूरच्या एका कॉलेजात गेलो. फॉर्म भरताना तिनं स्वतःच्याच नावातली अक्षरं उलटसुलट केली. तिथल्या भौतिकशास्त्राच्या सरांनी ते पाहिलं, फॉर्म बाजूला सरकवला आणि विचारलं, “विहिरीत दगड सोडला. दोन सेकंदांनी आवाज आला. पाणी किती खोल?”

“वीस मीटर,” ती लगेच म्हणाली. मग थोडं थांबून, “पण आवाज वर यायलाबी वेळ लागतो. म्हणजे जरा कमीच.”

सर आप्पांकडे वळले. “हिला इथं ठेवा. मी तोंडी शिकवीन. लिहायला माणूस मिळावा म्हणून बोर्डाला अर्ज करू. देतील याची खात्री नाही, पण करू.”

तिथून आम्ही मुलींच्या हॉस्टेलवर गेलो. तिथली बोअर आटली होती. असलेल्या मुलींनाच घरी पाठवणं चालू होतं, नव्या मुली घेणार नव्हते. लातुरात आमचं कुणी नव्हतं. नांदेडला मावशी होती आणि तिच्या नळाला पाणी होतं.

परतताना आप्पांनी मला विचारलं, “तू शिकायलीस, तू सांग.”

मी तेव्हा डी.एड. करत होते. “नांदेड,” मी म्हणाले. पाण्याचं कारण खरंच होतं. पण मला असंही वाटत होतं, की वाचून दाखवणारं कुणी नसलं की ही झक मारत वाचायला शिकेल. बहीण खिडकीतून बाहेर बघत राहिली. तिला कुणी विचारलं नाही.

नांदेडचा फॉर्म मी माझ्या वळणदार अक्षरात भरला.

तिथं वर्गात शंभराच्या वर मुलं, नोट्स इंग्रजीतून भराभर सांगायचे. इंग्रजीच्या सरांनी एकदा तिला उभं करून वाचायला लावलं. वर्ग हसला. मग सरांनी तिचा फॉर्म मागवला आणि वहीशी ताडून पाहिला. “हे अक्षर तुझं न्हाई. मार्कबी तुझे न्हाईत,” असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. हे मला मावशीकडून कळलं, तेही वर्षभरानं.

बारावीला भौतिकशास्त्रात तिला कॉलेजात सर्वांत जास्त मार्क पडले आणि इंग्रजीत ती नापास झाली. ऑक्टोबरला पुन्हा नापास. तिसऱ्यांदा मी फॉर्म आणला तेव्हा ती म्हणाली, “अक्का, भरू नको.” पुढच्या उन्हाळ्यात तिला देवणीला दिलं.

पुढं मी प्राथमिक शिक्षिका झाले. नोकरीची शेवटची काही वर्षं राहिली असताना एका प्रशिक्षणात डिस्लेक्सिया हा शब्द पहिल्यांदा ऐकला. समोरच्या बाई लक्षणं सांगत होत्या आणि मी वहीत एक अक्षर लिहू शकले नाही. त्याच आठवड्यात देवणीला गेले.

बहीण तूर निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“याला औषध हाय का?”

“न्हाई. पण आता परीक्षेत लिहायला माणूस देतात.”

तिनं सुपातले दोन खडे काढून टाकले. मग म्हणाली, “तुझ्या वर्गात हायत का अशी लेकरं?”

“यंदा चार असतील.”

“मारतीस त्यांना?”

“मारत होते,” मी म्हणाले.

तिनं सूप खाली ठेवलं आणि ती चहा ठेवायला आत गेली. मी निघेपर्यंत ती लेकीच्या बाळंतपणाचं बोलत राहिली.